पेट्रोल-सीएनजी गाडी पुन्हा पुन्हा मिसिंग करते : प्लगपासून ईसीयूपर्यंतची तपासणी

तक्रार बहुधा ठरलेली असते. चार सिलिंडरची, सत्तर-ऐंशी हजार किलोमीटर चाललेली पेट्रोल-सीएनजी गाडी आयडलिंगला थरथरते, घाटात तिसऱ्या गिअरवर रेस दिली की झटके खाते आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा कधी लागतो, कधी आपोआप विझतो. स्कॅनर लावला की पी ०३०० किंवा पी ०३०३ असा कोड दिसतो, गॅरेजमध्ये चारही प्लग बदलले जातात, कोड पुसला जातो आणि दोन-तीन आठवडे नीट चाललेली गाडी तीच तक्रार घेऊन परत येते. पुढच्या खेपेला कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) बदलते, त्याच्या पुढच्या खेपेला इंजेक्टर साफ होतात, थ्रॉटल बॉडी धुतली जाते आणि शेवटी ‘ईसीयू गेला असणार’, म्हणजे इंजिनाचा नियंत्रक संगणकच बिघडला, असा निकाल ऐकायला मिळतो. हा निकाल बहुतेक वेळा कोणत्याही मोजमापाशिवाय दिलेला असतो, आणि बिल मात्र सर्वांत मोठे त्याचेच असते.

असा येता-जाता बिघाड शोधताना कोणता सुटा भाग बदलायचा हा प्रश्न सुरुवातीला बाजूलाच ठेवावा. बिघाड नेमका कोणत्या परिस्थितीत येतो हे आधी पक्के करावे, कारण अर्धे निदान त्यातच होते.

कोडचा अर्थ आणि त्याची मर्यादा

ईसीयूला ठिणगी दिसत नाही आणि सिलिंडरमध्ये पेट्रोल पोहोचले की नाही हेही थेट कळत नाही. त्याच्याकडे क्रँकशाफ्टवरच्या दातेरी चाकासमोर बसवलेला क्रँक सेन्सर असतो. अनेक गाड्यांत या चाकावर ६० दातांची जागा असून त्यांतले दोन दात मुद्दाम गाळलेले असतात, म्हणजे प्रत्येक दात ६ अंशांचा हिशेब देतो आणि रिकाम्या जागेवरून फेऱ्याची सुरुवात कळते. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर १८० अंशांना एक सिलिंडर पेटतो आणि त्या क्षणी क्रँकला किंचित गती मिळते. ज्या सिलिंडरच्या पाळीला ती गती मिळत नाही, त्याच्या नावावर ईसीयू मिसफायर (मिसिंग) मांडतो. म्हणून पी ०३०३ याचा अर्थ एवढाच की तिसऱ्या सिलिंडरने आपल्या वाट्याचा जोर दिला नाही. तो ठिणगीअभावी दिला नाही, इंधनाअभावी, की कॉम्प्रेशन गेल्यामुळे, हे त्या कोडमध्ये कुठेही लिहिलेले नसते. पी ०३०० आला तर मिसफायर एका सिलिंडरपुरता मर्यादित नाही, तेव्हा चारही सिलिंडरना समान असलेल्या गोष्टी, म्हणजे इंधनाचा दाब, हवेची गळती, अर्थिंग आणि क्रँक सेन्सर, आधी पाहाव्या लागतात.

या पद्धतीचा एक परिणाम आपल्या रस्त्यांवर विशेष जाणवतो. खड्ड्यांतून जाताना चाकांना बसणारे धक्के गिअरबॉक्समार्गे क्रँकपर्यंत पोहोचतात आणि तिथे वेगातला चढउतार मिसफायरसारखाच दिसतो. खोटा कोड पडू नये म्हणून अनेक गाड्यांचा ईसीयू खराब रस्ता ओळखतो, काही गाड्यांत त्यासाठी एबीएसच्या चाक-सेन्सरची माहिती घेतो, आणि तेवढा वेळ मिसफायरची मोजणी थांबवतो. पावसाळ्यात रोज खड्ड्यांतून जाणारा चालक झटक्यांची तक्रार करतो आणि स्कॅनर कोरा निघतो, तेव्हा चालकाला भास झाला असे समजण्याचे कारण नाही. ती गाडी सपाट रस्त्यावर नेऊन पाहावी.

दिवा स्थिर लागला आहे की लुकलुकतो आहे, हेही विचारून घ्यावे. लुकलुकणारा दिवा म्हणजे मिसफायर इतका जास्त आहे की न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आहे आणि त्याच्या आतली जाळी वितळू शकते. अशा वेळी रेस कमी करून गाडी लवकरात लवकर थांबवावी. दुर्लक्ष झाले तर पुढे पी ०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड) येतो आणि प्लगच्या खर्चात भागणारे काम कन्व्हर्टरवर जाते.

पी ०३५१ ते पी ०३५४ हे कॉइलच्या सर्किटचे आणि पी ०२०१ ते पी ०२०४ हे इंजेक्टरच्या सर्किटचे कोड निराळ्या जातीचे आहेत. त्यांत ईसीयूने स्वतः विद्युत दोष पाहिलेला असतो. ते मिसफायरच्या कोडबरोबर आले असतील तर आधी त्यांच्याच मागे जावे, बाकीचे बहुधा त्यांच्या मागोमाग आलेले असतात.

कोड पुसण्याआधी

कोड पडला त्या क्षणीची परिस्थिती ईसीयू ‘फ्रीझ फ्रेम’ म्हणून साठवून ठेवतो : इंजिनाचे तापमान, आरपीएम, लोड (इंजिनावरचा भार), गाडीचा वेग, फ्युएल ट्रिम (ऑक्सिजन सेन्सरच्या माहितीवरून ईसीयू इंधनात करतो ती टक्केवारीतली वाढ-घट). कोड पुसला की ही नोंदही जाते. म्हणून स्कॅनर लावल्यावर पहिले काम या पानाचा मोबाईलवर फोटो काढणे हे असावे. गॅरेजमध्ये हे सहसा होत नाही, कारण दिवा घालवणे हीच दुरुस्ती समजली जाते. गाडीमालकाने नम्रपणे पण आग्रहाने हा फोटो मागावा. तापमान ३५ अंश आणि आरपीएम ८०० असताना पडलेला कोड व तापमान ९५ अंश, आरपीएम २८०० आणि लोड ८० टक्के असताना पडलेला कोड यांची तपासणी एकाच वाटेने होत नाही.

सीएनजीवर येतो की पेट्रोलवर?

दोन इंधनांवर चालणाऱ्या गाडीत ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी चाचणी आहे, आणि ती सर्वांत कमी वेळा केली जाते. तोच चढ, तोच गिअर, तेवढीच रेस ठेवून गाडी एकदा सीएनजीवर आणि एकदा पेट्रोलवर चालवावी. सीएनजी आणि हवेचे मिश्रण पेटवायला प्लगच्या टोकांमध्ये अधिक व्होल्टेज लागते, आणि लोड वाढला की सिलिंडरमधल्या दाबामुळे ही गरज आणखी वाढते. त्यामुळे झिजलेला प्लग किंवा थकलेली कॉइल पेट्रोलवर निभावून नेते आणि सीएनजीवर चढाला उघडी पडते. फक्त सीएनजीवर, फक्त लोडवर झटके येत असतील तर प्लग आणि कॉइल यांच्याकडे आधी पाहावे, सीएनजीचा फिल्टर, रेग्युलेटर आणि गॅस इंजेक्टर त्यानंतर. प्लगचा गॅप कंपनीने दिलेल्या मर्यादेपेक्षा वाढलेला नसावा. इरिडियम प्लगचा गॅप मात्र मधल्या बारीक टोकावर जोर देऊन दुरुस्त करू नये, ते टोक तुटते.

उलट, फक्त पेट्रोलवर मिसिंग असेल तर ठिणगीचा भाग बऱ्याच अंशी निर्दोष मानता येतो. महिनोन् महिने सीएनजीवरच चालणाऱ्या गाड्यांत टाकीत तळाला जुने पेट्रोल पडून राहते आणि पेट्रोल इंजेक्टर न वापरल्याने चिकटतात. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि पाण्याचे प्रमाण फार वाढले तर ते पाण्यासह वेगळे होऊन तळाशी, म्हणजे पंपाच्या तोंडाशी, बसते. अशा गाडीत इंजेक्टर काढण्याआधी जुने पेट्रोल उपसून ताजे भरणे शहाणपणाचे.

दोन्ही इंधनांवर एकच सिलिंडर मिसिंग करत असेल तर दोष दोन्हींना समान असलेल्या गोष्टींत आहे : प्लग, कॉइल, तिचे वायरिंग किंवा कॉम्प्रेशन. सीएनजीवर बरीच चाललेल्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या बैठका झिजून व्हॉल्व्ह आत सरकतात आणि टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट) कमी होत होत संपतो. मग व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. आयडलिंगला एकच सिलिंडर मिसिंग करतो आणि रेस वाढवली की बरेच सुधारते, ही त्याची खूण. ज्या इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट नाहीत त्यांत हा क्लिअरन्स मोजून घ्यावाच लागतो. कॉम्प्रेशन मोजताना चार आकड्यांच्या मोठेपणापेक्षा त्यांच्यातला फरक पाहावा. तीन सिलिंडर १२ बार आणि एक ८ बार दाखवत असेल, तर कॉइल बदलून काहीही साधणार नाही.

बदललेला प्लग पुन्हा का जातो

पावसाळ्यात, किंवा गाडी पंपाने धुतल्यानंतर, मिसिंग सुरू होत असेल तर कॉइल वर ओढून काढावी आणि प्लगच्या खोबणीत टॉर्च मारावी. खोबणीत पाणी असेल तर बॉनेटच्या कडेचे रबर किंवा कॉइलचे वरचे सील गेलेले असते. ऑइल असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचे गॅसकेट गळते आहे, आणि ते बदलल्याशिवाय पुढचे सगळे तात्पुरते आहे, कारण ऑइलने कॉइलचे रबरी बूट (प्लगवर चढणारी नळी) फुगून मऊ पडते.

मग प्लग बाहेर काढून पांढरी चिनीमाती स्वच्छ फडक्याने पुसून उजेडात फिरवून पाहावी. वरच्या टोकापासून षटकोनी भागाकडे उतरणारी, पेन्सिलीने ओढल्यासारखी एक बारीक काळी रेघ दिसली, तर वीज प्लगच्या टोकाशी न जाता बाहेरच्या बाजूने धातूच्या बॉडीत पळते आहे. तशीच रेघ बुटाच्या आतल्या रबरावर समोरासमोर उमटलेली असते. ती पाहायला बूट उलगडून आत बोट घालावे लागते, म्हणून कुणी पाहत नाही. नवा प्लग बसवला आणि बूट जुनेच राहिले, तर बुटातली रेघ थोड्याच दिवसांत नव्या चिनीमातीवर वाट पाडते. नवी कॉइल आणून जुना प्लग ठेवला तरी तेच होते. ‘सगळे बदलून झाले, तरी परत येते’ अशा तक्रारींमागे हे कारण अनेकदा असते : सगळे बदललेले असते हे खरे, पण एका वेळी एक. रेघ दिसली की त्या सिलिंडरचा प्लग आणि बूट, बूट सुटे मिळत नसेल तर कॉइल, एकाच वेळी बदलावे.

रेघ दिसली नाही तर अदलाबदल करावी. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर आणि तिसऱ्याचा प्लग दुसऱ्यावर बसवून, ज्या इंधनावर आणि ज्या लोडवर कोड पडला होता त्याच परिस्थितीत गाडी चालवावी. कोड पी ०३०१ झाला तर कॉइल, पी ०३०२ झाला तर प्लग आणि पी ०३०३ वरच अडून राहिला तर इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन. दोन सिलिंडरना मिळून एक कॉइल असलेल्या इंजिनात १ आणि ४ ची तसेच २ आणि ३ ची जोडी असते. जोडीतले दोन्ही सिलिंडर मिसिंग करत असतील तर संशय कॉइलवर किंवा तिच्या वायरवर, एकच करत असेल तर बहुधा प्लगवर किंवा त्याच्या लीडवर.

या कामात दोन जुन्या सवयी सोडाव्या लागतील. ठिणगी पाहण्यासाठी कॉइल चालू इंजिनावर हवेत धरू नये. ठिणगीला वाट मिळाली नाही की कॉइलचे आतले इन्सुलेशन फुटते आणि ईसीयूतला तिचा ड्रायव्हर (तिला चालू-बंद करणारा भाग) जळू शकतो, शिवाय सीएनजीच्या गाडीत उघडी ठिणगी हा वेगळाच धोका आहे. स्पार्क टेस्टर फार महाग नसतो. आणि अल्टरनेटर तपासण्यासाठी चालू गाडीत बॅटरीची टर्मिनल काढण्याची युक्ती कार्ब्युरेटरच्या काळात खपून गेली, आज ती करणे म्हणजे ईसीयूला क्षणभर भलत्याच व्होल्टेजच्या तोंडी देणे होय.

फ्युएल ट्रिम वाचताना

शॉर्ट (तात्कालिक) आणि लाँग (दीर्घकालीन) ट्रिमची बेरीज उणे १० ते अधिक १० टक्क्यांत असेल तर सहसा काळजी नसते. आयडलिंगला अधिक २० आणि २५०० आरपीएमवर अधिक ५ दिसत असेल तर थ्रॉटलनंतर कुठेतरी मोजणीबाहेरची हवा शिरते आहे : तडकलेला व्हॅक्यूम पाइप, मॅनिफोल्ड गॅसकेट, ब्रेक बूस्टरची नळी. आयडलिंगला ठीक आणि लोडवर वाढत असेल तर इंधन कमी पडते आहे. मात्र २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी हवेचे योग्य प्रमाण शुद्ध पेट्रोलच्या १४.७ वरून सुमारे १३.५ पर्यंत उतरते, त्यामुळे जुन्या हिशेबावर बेतलेल्या गाडीत पेट्रोलवर ट्रिम काही टक्के वर दिसणे हा बिघाड नाही. तेवढ्यावरून ऑक्सिजन सेन्सर बदलू नये.

ईसीयूवर बोट ठेवण्याआधी

एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच कोड एकाच वेळी आले, मीटरचे काटे पडले, गाडी चालता चालता बंद होऊन पुन्हा सेल्फवर सुरू झाली, असे झाले की ईसीयूचे नाव पुढे येते. मेंदू बिघडला असे म्हणायला सोपे जाते. प्रत्यक्षात ईसीयू हा आपल्या वीजपुरवठ्यावर, अर्थिंगवर आणि सेन्सरच्या सिग्नलवर पूर्णपणे अवलंबून असलेला डबा आहे, आणि हे तिन्ही बाहेर, उष्णतेत, पाण्यात आणि उंदरांच्या तावडीत असतात.

बॅटरी बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास असावी, सेल्फ मारताना साधारण १० च्या खाली जाऊ नये आणि इंजिन चालू असताना सर्वसाधारणपणे १३.८ ते १४.५ मिळावेत. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर ईसीयूच्या आदेशाने चालतो, तिथे आकडा बदलता दिसतो. त्यानंतर अर्थिंग. ते डोळ्यांनी किंवा ओहम मोजून तपासू नये, कारण तुटत आलेल्या वायरचा उरलेला एखादा धागाही शून्य ओहम दाखवतो. इंजिन चालू, हेडलाइट, पंखा आणि मागची काच गरम करणारे बटण चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिन ब्लॉकवर, मग ईसीयूच्या अर्थ पिनवर ठेवावी. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर त्या वाटेत अडथळा आहे. क्लच किंवा गिअरबॉक्सच्या कामानंतर सुरू झालेल्या तक्रारीत गिअरबॉक्सवरची अर्थची पट्टी आधी पाहावी. ती परत जोडायची राहते, किंवा गंजलेल्या, रंग असलेल्या जागेवर कसली जाते.

सेन्सरना ईसीयू ५ व्होल्टचा नियंत्रित पुरवठा देतो आणि एकाच वाटेवर अनेक सेन्सर असतात. त्यांतला एक आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचे ५ व्होल्ट पडतात आणि स्कॅनरवर पी ०६४१ (या ५ व्होल्टच्या पुरवठ्याचा कोड) सोबत मॅप (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर), थ्रॉटल, पेडल अशी कोडांची रांग लागते. एसीचा प्रेशर सेन्सर याच वाटेवर असू शकतो, आणि एसीच्या कामाशी मिसिंगचा संबंध कुणाच्या डोक्यात येत नाही. इग्निशन चालू ठेवून एका सेन्सरच्या कपलरवर (वायरिंगच्या जोडणीवर) व्होल्ट मोजत राहावे आणि बाकीचे कपलर एकेक करून काढावेत. ज्या क्षणी ५ व्होल्ट परत येतात, त्या क्षणी काढलेला सेन्सर किंवा त्याची वायर दोषी. सगळे काढूनही आले नाहीत, तर वायरिंग आणि मगच ईसीयू.

गाडी गरम झाल्यावर बंद पडते, अर्ध्या तासाने जणू काही झालेच नाही अशी सुरू होते, आणि सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्य दिसते : हा बहुधा क्रँक सेन्सर किंवा त्याचा कपलर, कोड पी ०३३५ कधी पडतो, कधी नाही.

यू ०१०० म्हणजे इतर मॉड्यूलना (गाडीतल्या बाकीच्या नियंत्रक संगणकांना) ईसीयूशी बोलता येत नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढून, थोडा वेळ थांबून, कॅन वायरिंग (मॉड्यूलना आपसात जोडणाऱ्या दोन वायरी) थेट ओबीडी सॉकेटपर्यंत, म्हणजे स्कॅनर लावायच्या सॉकेटपर्यंत, येत असलेल्या गाडीत ६ आणि १४ या पिनांमधला रोध मोजावा. दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर असल्याने ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटले आहे, शून्याजवळ आले तर दोन्ही वायर एकमेकींना चिकटल्या आहेत. बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टीम, रिव्हर्स कॅमेरा किंवा जीपीएस ट्रॅकर असेल तर त्याच्या वायरी कुठे टोचून जोडल्या आहेत ते आधी पाहावे, आणि कायम सॉकेटला लावून ठेवलेला ब्लूटूथ डोंगल काढूनच तपासणी सुरू करावी.

वायरिंग तपासताना इंजिन आयडलिंगवर ठेवून लूम (वायरींचा जुडगा) हाताने हलवत जावे, मुख्यतः इंजिनावरून बॉडीकडे जाते त्या वळणावर. कपलर उघडून पिनांवर हिरवट थर आहे का आणि एखादी पिन मागे सरकली आहे का ते पाहावे. टेस्ट लॅम्पची जाड सुई पिनेत घालून ती पसरवू नये, नाहीतर तपासणीच पुढच्या बिघाडाचे कारण होते.

ईसीयू खरोखर गेला असे म्हणण्यासाठी तीन गोष्टी मोजून दाखवता आल्या पाहिजेत : त्याच्या पिनांवर लोडसह पूर्ण व्होल्ट आणि अर्थ पोहोचतात, क्रँक-कॅमसारखे आवश्यक सिग्नल पोहोचतात, आणि तरीही कॉइल किंवा इंजेक्टरचा आदेश त्याच्या पिनेवरच बाहेर पडत नाही. पी ०६०१ किंवा पी ०६०६ असे अंतर्गत दोषाचे कोड आले तरी बॅटरी आणि अर्थ आधी पाहावेत. एकाच कॉइलचा किंवा इंजेक्टरचा ड्रायव्हर जळला असेल तर तो कशामुळे जळला हे शोधल्याशिवाय नवा ईसीयू बसवू नये. साध्या पोर्ट इंजेक्टरचा रोध साधारण ११ ते १६ ओहम असतो. एखादा २ ओहम दाखवत असेल तर तो नवा ईसीयूही जाळेल. जुन्या बाजारातून आणलेला ईसीयू इमोबिलायझरच्या (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेच्या) कोडिंगशिवाय गाडी सुरू करू देत नाही, तेव्हा ते कोडिंग कोण करून देणार हे पैसे देण्याआधी ठरवून घ्यावे.

दुरुस्तीनंतर कोड पुसून गाडी ताब्यात घेऊ नये. फ्रीझ फ्रेमच्या फोटोत जे तापमान, जो लोड आणि जे आरपीएम होते, त्याच परिस्थितीत आणि त्याच इंधनावर गाडी चालवून स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरची मिसफायरची मोजणी पाहावी. दिवा न लागताही ही मोजणी एकाच सिलिंडरवर वाढत असेल तर काम अजून बाकी आहे.